कुलूप चांगलं निघालं, पण...

घराच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपण सगळे कुलपाबद्दल बोलतो. किती लिव्हरचं, कोणत्या कंपनीचं, किल्ल्या किती. बिजागरीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. "आण बाबा चार-सहा आणि बसवून टाक," असं सुताराला सांगून मोकळे होतो. मीही आयुष्यभर हेच केलं. म्हणून आजचं लिखाण थोडं उपदेशाचं आणि बरंचसं कबुलीचं आहे.

आमचं उमापूर गेवराई तालुक्यातलं. बीड जिल्हा म्हटला की ऊसतोड आलीच. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे शहरातल्या नातवंडांसाठी सांगतो.) कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. हंगाम संपेपर्यंत कितीतरी घरांना कुलूप असतं. कुठे म्हातारी माणसं मागे राहतात, कुठे मुलं हंगामी वसतिगृहात. बाकी घर एकटंच.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दोन खोल्या बांधल्या. मला म्हणाला, "गुरुजी, कुलूप तेवढं तुम्ही निवडून द्या." मी गेवराईला जाऊन चांगलं जड कुलूप आणलं. मागच्या खोलीला एकच खिडकी होती, दोन लाकडी दारांची, बाहेर उघडणारी. पैसे संपल्यामुळे गज पुढच्या वर्षावर ढकलले होते. हंगामाहून परत आले तेव्हा कुलूप जसंच्या तसं. खिडकीची आतली कडीसुद्धा लागलेली. फक्त एक दार बिजागरीच्या बाजूने निखळलेलं आणि बिजागऱ्यांच्या पिना खाली मातीत पडलेल्या. मुलीच्या लग्नासाठी तीन हंगाम जमवलेली भांडी गेली. त्याची बायको मला म्हणाली, "गुरुजी, तुमचं कुलूप मात्र चांगलं निघालं." तो टोमणा नव्हता. पण मला अजून टोचतो.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. बाहेर उघडणाऱ्या खिडकीला बिजागरी हे दुसरं कुलूपच असतं, आणि ते आपण चोराच्या बाजूला बसवतो.

मग खिडकी आत उघडणारी करावी का? मला नाही वाटत. बाहेर उघडणाऱ्या दारावरचं पावसाचं पाणी बाहेरच निथळतं. शिवाय दहा बाय दहाच्या खोलीत उघडं दार जागा अडवतं, डोक्याला लागतं ते वेगळंच. तेव्हा दार बाहेरच उघडू द्या, पण बिजागरी बघून घ्या.

साध्या बिजागरीला दोन पानं असतात, एक चौकटीवर आणि एक दारावर. खिडकी बंद झाली की त्यांचे स्क्रू आत झाकले जातात, ही मोठी सोय. बाहेर दिसते ती फक्त नळी आणि तिच्यातली पिन. ही पिन सुटी असली तर खिळा आणि हातोडी एवढ्यावर काम होतं. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा, पिन दोन्ही टोकांना ठोकून पक्की केली आहे का? नसेल आणि बिजागरी लोखंडी असेल, तर वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही टोकांना एकेक टाका मारून घ्या. टोकाच्या दोन्ही नळ्या एकाच पानाच्या असतात, त्यामुळे दार फिरायला अडचण येत नाही.

लांब पट्टीची टी बिजागरी दिसायला दणकट असते, म्हणून लोक तिच्यावर भाळतात. पण ती दाराच्या बाहेरच्या अंगाला बसवली तर स्क्रू उघड्यावरच राहतात. पेचकस असलेल्याला आमंत्रणच की! ती लावायचीच असेल तर गोल डोक्याचे आरपार बोल्ट घालावेत आणि नट आतून आवळावेत.

आता थोडं गणित, सवय जात नाही. दोन फूट रुंद, चार फूट उंच, एक इंच जाड सागवानी दार साधारण बारा किलोचं होतं. ताशी साठ किलोमीटरचा वळवाचा वारा त्या दारावर समोरून आला तर रेटाही जवळजवळ तेवढाच, बारा-तेरा किलोचा. म्हणजे बिजागरी नुसतं वजन तोलत नाही, वाऱ्याशीही झुंजते. त्यात दार आपटलं की तो धक्का वेगळा. म्हणून अशा दाराला दोन नव्हे, तीन बिजागऱ्या हव्यात. वरची-खालची एकमेकींपासून जितक्या लांब तितका वरच्या बिजागरीवरचा ताण कमी. आणि उघडं दार भिंतीला अडकवायला आकडी हवीच. आकडीअभावी जितक्या बिजागऱ्या ढिल्या झालेल्या मी पाहिल्यात, तितक्या गंजाने झालेल्या पाहिल्या नाहीत.

जुन्या घरांच्या जाड भिंतींत चौकट आत असते, तिथे साध्या बिजागरीने दार पूर्ण उघडून भिंतीला टेकत नाही. त्यासाठी पार्लमेंट बिजागरी मिळते, उघडल्यावर इंग्रजी एच अक्षरासारखी दिसणारी. ती दाराला चौकटीपासून थोडं दूर नेऊन फिरवते. कडेपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजूनच ती घ्यावी. आणि स्क्रू हातोडीने ठोकू देऊ नका. आधी बारीक भोक पाडून पेचकसाने पिळलेला स्क्रूच लाकडाला धरतो.

सगळ्यात स्वस्त उपाय शेवटी सांगतो. दाराच्या बिजागरीकडच्या कडेत एक जाड स्क्रू अर्धा घुसवायचा, त्याचं डोकं कापायचं आणि समोर चौकटीत तेवढंच भोक पाडायचं. खिडकी बंद झाली की तो खुंटा भोकात बसतो. मग पिन काढली तरी दार बिजागरीच्या बाजूने निघत नाही. एका दाराला असे दोन पुरेत.

यंदा त्या विद्यार्थ्याच्या खिडकीला गज बसले. बिजागऱ्या मी पाहून घेतल्या, पिना टाकून आणल्या, खुंटे सुताराकडून समोर उभं राहून करून घेतले. तो म्हणाला, "गुरुजी, एवढं कशाला?" मी काही बोललो नाही. कुलूप निवडताना मी पाठीमागे जाऊन खिडकी पाहिली असती तर ही वेळ आली नसती, हे त्याला ठाऊक नाही. मला आहे.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर एकदा घराच्या मागच्या बाजूला चक्कर मारा. बाहेर उभं राहून आपल्याच खिडकीकडे परक्याच्या नजरेने बघा. पाच मिनिटांचं काम आहे.