ग्लोबल व्हर्च्युअल इंटर्नशिप: पाच देशांची टीम, चार आठवडे आणि ‘बघू’ नावाचा घोळ

सध्या इन्स्टाग्राम किंवा लिंक्डइन उघडलं की एक जाहिरात हमखास दिसते. ‘चार आठवड्यांची ग्लोबल व्हर्च्युअल इंटर्नशिप. घरबसल्या परदेशी टीमसोबत काम करा. लीडरशिप शिका. सर्टिफिकेट मिळवा.’ खाली लिंक, लिंकच्या पोटात नोंदणी फी. आणि कमेंटमध्ये ‘इंटरेस्टेड’ लिहिणाऱ्यांची रांग.

यात खरं किती आणि बाजार किती? घरी लॅपटॉपसमोर बसून, महिना-दीड महिन्यात, वेगळ्या देशातल्या माणसांसोबत काम करायला शिकता येतं का?

येतं. पण त्यासाठी टीममध्ये खरोखर वेगळी माणसं हवीत, आणि त्यांचं काम तुमच्या कामात अडकलेलं हवं. अनेक जाहिरातींत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

एवढ्या इंटर्नशिप आल्या कुठून?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये कंपन्यांनी आपल्या उन्हाळी इंटर्नशिप ऑनलाइन नेल्या, तिथून हे सुरू झालं हे खरं. पण महाराष्ट्रातलं ताजं कारण वेगळं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, म्हणजे मुलांच्या भाषेत ओजेटी, आलंय. त्याला साधारण चार क्रेडिट असतात. यूजीसीच्या हिशोबात इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे चार क्रेडिटचे झाले १२० तास. स्वायत्त कॉलेजांनी हे आधी सुरू केलं. बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ मध्ये पहिल्या वर्षाला आलेली बॅच २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षात पोचते.

पुण्या-मुंबईत धडपड करून एखादी कंपनी सापडते. हिंगोली किंवा गडचिरोलीतल्या बीकॉमच्या मुलांनी हे १२० तास कुठे भरायचे? बँकेची शाखा, पतसंस्था, सीएचं ऑफिस, कृषी सेवा केंद्र. तिथे मावून मावून किती जण मावणार? या पोकळीत ऑनलाइन इंटर्नशिपवाले शिरले आहेत. काही चांगल्या हेतूने, काही नुसते गल्ला भरायला.

दुसरी बाजू नोकरीची. नॅसकॉम आणि झिनोव्हच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये भारतात परदेशी कंपन्यांची १,७०० हून जास्त ‘ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर’ होती आणि तिथे सुमारे १९ लाख लोक काम करत होते. पुणे हे त्यातलं एक मोठं ठिकाण. बाणेरमध्ये बसायचं आणि जर्मनीतल्या बॉसला उत्तर द्यायचं, अशी ही नोकरी. तिथे कोडिंग किंवा अकाउंट्स येतंच असं गृहीत धरलं जातं. अडतं ते भलतीकडेच.

नाव एक, माल वेगळा

‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’ या एका पाटीखाली सध्या तीन-चार अगदी निराळ्या गोष्टी विकल्या किंवा वाटल्या जातात.

एक म्हणजे फोरेजसारख्या साइटवर मिळणारं कामाचं सिम्युलेशन. मोठ्या कंपनीच्या नावाने एक नमुना काम दिलेलं असतं, तुम्ही ते आपल्या वेळेत पाच-सहा तासांत करता, मग नमुना उत्तर उघडतं. हे फुकट आहे आणि कामाचा अंदाज यायला छान आहे. पण यात समोर माणूसच नाही. एकट्याने कॅरम खेळून भागीदारी शिकता येत नाही, तसंच हे.

दुसरा प्रकार म्हणजे एखादी संस्था किंवा छोटी कंपनी तुम्हाला घरून काम देते. पोस्टर बनवा, डेटा भरा, ब्लॉग लिहा. काम खरं असतं, पण माणूस एकच भेटतो, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर.

आपल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या प्रकारात आहे: वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांची टीम आणि सगळ्यांना मिळून एकच काम. ‘एक्स-कल्चर’ हे याचं नाव घेण्यासारखं उदाहरण. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो कॅम्पसवरचे प्राध्यापक वास तारास यांनी २०१० मध्ये ते सुरू केलं. आता दर सत्रात हजारो विद्यार्थी त्यात असतात. प्रत्येक टीममध्ये वेगवेगळ्या देशांतले साधारण पाच ते सात जण. एखाद्या कंपनीचा खरा प्रश्न दिला जातो, उदाहरणार्थ हा माल कुठल्या नव्या देशात विकावा, आणि काही आठवड्यांत सगळ्यांनी मिळून एकच अहवाल द्यायचा. मधल्या काळात टीममधले लोक एकमेकांना गुण देतात. त्यामुळे नाव टीममध्ये आणि काम शून्य, हा आपल्याकडच्या ग्रुप प्रोजेक्टचा लाडका प्रकार तिथे लगेच उघडा पडतो. न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठाने २००६ मध्ये केंद्र काढून ‘कॉइल’ ही पद्धत पसरवली, तीही याच जातीची. त्यात दोन देशांतले दोन प्राध्यापक आपले वर्ग काही आठवडे जोडतात.

चौथा प्रकार सर्टिफिकेटच्या दुकानांचा. त्याच्याकडे शेवटी येऊ.

गप्प बसण्याचा अर्थ काय?

आता मुख्य मुद्दा. अशा टीममध्ये नेमकं शिकायला काय मिळतं?

कॅथरीन क्रॅम्टन या अभ्यासिकेने २००१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकत्र काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या १३ टीमचे ईमेल, चॅट आणि अहवाल त्यांनी तपासले. भांडणं कशावरून झाली? संस्कृतीतला काही मोठा फरक असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कारणं फार साधी निघाली. एकाला मेल मिळाला होता, दुसऱ्याला नाही. एकाच्या गावी परीक्षा होती, ते बाकीच्यांना माहीत नव्हतं. आणि सगळ्यात त्रासदायक गोष्ट म्हणजे शांतता. कोणी उत्तर दिलं नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? पटलंय? राग आलाय? आळस? की नेट गेलंय?

दूर बसलेल्या माणसाची अडचण दिसत नाही, म्हणून दोष थेट माणसाला दिला जातो. शेजारच्या बाकावरचा मित्र आला नाही तर आपण ‘काय झालं असेल’ म्हणतो. मेक्सिकोतली मुलगी कॉलवर आली नाही तर ‘सिरियसच नाहीये’ म्हणतो, आणि दोन आठवड्यांनी त्याचं ‘तिकडचे लोक असेच’ होतं. नुसती ओळख झाली की गैरसमज मिटतात असं नाही. वाईट चाललेल्या टीममधून माणूस जुने ग्रह आणखी घट्ट करून बाहेर पडू शकतो.

लाइट गेली, सेमिस्टर सुरू आहे, घरी लग्न आहे: हे न विचारता, आधीच, एका ओळीत लिहून टाकणं हे या कामातलं पहिलं कौशल्य. ऐकायला किरकोळ वाटतं. बहुतेकांना जमत नाही, कारण आपल्याला ती सबब वाटते आणि सबब सांगायला लाज वाटते.

‘बघू’ म्हणजे हो की नाही?

मराठी माणसाने ‘बघू’ म्हटलं की समोरच्या मराठी माणसाला कळतं: होणार नाही. तेच इंग्रजीत ‘आय विल ट्राय’ होऊन चॅटमध्ये जातं, आणि नेदरलँड्सचा जोडीदार यादीत त्या कामापुढे तुमचं नाव लिहून मोकळा होतो. गुरुवार येतो. काम झालेलं नसतं. त्याला वाटतं तुम्ही शब्द मोडला. तुम्हाला वाटतं, मी तर केव्हाच सांगितलं होतं.

स्पष्ट ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो, विशेषतः वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला. यावर बोलताना डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांचं नाव निघतंच. आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांची लाखाहून जास्त उत्तरं तपासून त्यांनी देशांना गुण दिले. वरच्याची सत्ता किती गुपचूप मान्य केली जाते, या मोजमापात भारताला ७७ आणि नेदरलँड्सला ३८. म्हणजे तिथला विद्यार्थी मेंटॉरला ‘तुमची कल्पना चालणार नाही’ असं सरळ सांगेल, आणि आपल्याला वाटेल काय हा उर्मट.

मात्र हे आकडे जपून वापरायचे. ती उत्तरं १९६७ ते १९७३ च्या दरम्यानची आहेत, तीही एकाच कंपनीतल्या लोकांची. शिवाय देशाची सरासरी म्हणजे तुमच्या टीममधला माणूस नव्हे. लाजाळू डच असतात आणि तोंडावर बोलणारे कोल्हापूरकर तर आपल्याला माहीतच आहेत. तक्ता पाठ करून टीममध्ये उतरणारे बऱ्याचदा जास्त घोळ घालतात. त्यापेक्षा समोरच्याला सरळ विचारलेलं बरं: ‘तू ट्राय म्हणालास, तर शुक्रवारी हे मिळेल असं धरू का?’

आता चॅटजीपीटीमुळे सगळ्यांचं इंग्रजी गुळगुळीत झालंय. भाषेची भीती कमी झाली, हे तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांसाठी फार चांगलं. पण गुळगुळीत इंग्रजीत लिहिलेला ‘बघू’ हा शेवटी ‘बघू’च राहतो.

साडेसात की साडेआठ?

घड्याळाची गंमत बघा. टीममध्ये जर्मन मुलगा असेल आणि तो म्हणाला ‘हाल्ब आख्ट’, तर शब्दशः ते ‘अर्धे आठ’ आहे, पण अर्थ साडेसात. तेच ब्रिटिश माणूस ‘हाफ एट’ म्हणाला तर साडेआठ.

समजा रोजची मीटिंग भारतात संध्याकाळी ७:३० ला ठरली. उन्हाळ्यात जर्मनीत तेव्हा दुपारचे ४ वाजलेले असतात, ब्राझीलच्या साओ पाउलोत सकाळचे ११, आणि जपानमध्ये रात्रीचे ११. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं एक तास मागे जातात. त्यांनी ४ ची वेळ धरून ठेवली तर तुमची मीटिंग ८:३० ला सरकते. कोणी लक्षात आणून दिलं नाही तर तुम्ही तासभर रिकाम्या खोलीत बसता. कैरो किंवा रियाधचा जोडीदार शुक्रवारी उत्तर देत नाही, कारण तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. ०४/०५ ही तारीख आपल्यासाठी ४ मे, अमेरिकेत ५ एप्रिल. आपण १,५०,००० लिहिलं की परदेशी माणूस स्वल्पविराम चुकला असं समजतो. जर्मन माणसाने १.५०० लिहिलं तर ते दीड नाही, दीड हजार असतात. बजेटच्या तक्त्यात ही चूक झाली तर? ‘मीटिंग प्रीपोन करूया’ हे आपलं लाडकं वाक्यसुद्धा भारताबाहेर अनेकांना कळत नाही.

हे सगळं पुस्तकात वाचून विसरायला होतं. एकदा जपानी मुलगी रात्री अकराला, तिसऱ्या आठवड्यातही, डोळे चोळत कॉलवर आली की कळतं: ही वेळ आपण ठरवली होती, आणि आपल्या सोयीची ठरवली होती.

लीडरशिपचा प्रश्न इथे येतो. आपल्याकडे लीडर म्हणजे जो मीटिंगमध्ये जास्त बोलतो तो. ऑनलाइन टीममध्ये बोलणारे पुष्कळ असतात. मीटिंग संपल्यावर दहा मिनिटांत ‘काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत’ हे लिहून टाकणारा एखादाच. मीटिंगची वेळ दर आठवड्याला फिरती ठेवू म्हणजे जागरण आळीपाळीने वाटलं जाईल, असं सुचवणारा एखादाच. माझ्या मते खरा लीडर तो, मग त्याचं इंग्रजी अडखळतं का असेना.

थोडक्या दिवसांत विश्वास बसतो का, यावरही जुना अभ्यास आहे. यार्वेनपा आणि लाइडनर यांनी १९९९ च्या शोधनिबंधात वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या टीम काही आठवडे पाहिल्या. विश्वास बसतो, आणि फार लवकर बसतो. पहिल्या काही निरोपांतच सूर लागतो किंवा बिघडतो. पण तो नाजूक असतो. पुढे तो टिकला तो गप्पांमुळे नव्हे, तर वेळेवर आणि मुद्द्याचं उत्तर येत राहिल्यामुळे.

पैसे भरण्याआधी

आता ती दुकानं. ओळख तशी सोपी आहे. फी आधी, कामाचं वर्णन नंतर. मुलाखत नाही, सगळ्यांची ‘निवड’ होते. काम म्हणजे व्हिडिओ बघणं आणि तीन प्रोजेक्ट अपलोड करणं, जे कोणी उघडूनही बघत नाही. ‘ग्लोबल टीम’ म्हणजे दोन हजार जणांचा टेलिग्राम ग्रुप. शेवटी लेटर ऑफ रेकमेंडेशनचे वेगळे पैसे. ओजेटीची शेवटची तारीख जवळ आली की या दुकानांपुढे गर्दी वाढते, आणि यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही.

काही प्रश्न मात्र मेलवर नक्की विचारता येतात. टीममध्ये किती जण, कोणत्या देशांतले? मी काम केलं नाही तर कोणाचं अडेल? आठवड्यातून किती वेळा समोरासमोर बोलणं होईल, आणि माझं काम कोण वाचेल? या शेवटच्या प्रश्नाला खास वजन आहे. २०२० च्या उन्हाळ्यात एका मोठ्या जागतिक कंपनीच्या ऑनलाइन इंटर्न्सवर हार्वर्डच्या संशोधकांनी प्रयोग केला. काही इंटर्न्सना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून वरिष्ठ व्यवस्थापकांशी अनौपचारिक ऑनलाइन गप्पांची संधी दिली. त्यांना आठवड्याचे शेरे चांगले मिळाले आणि नोकरीची ऑफर मिळण्याची शक्यताही वाढली. म्हणजे फरक पडला तो माणूस भेटल्यामुळे.

कॉलेजलाही विचारा: ऑनलाइन काम ओजेटीत धराल का, आणि तासांचा पुरावा काय लागेल? हे आधी लेखी घ्या, नाहीतर १२० तास करून क्रेडिट शून्य अशी पाळी येते.

खरं तर कॉलेजांनाच इथे करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यासाठी परदेशच गाठायला हवा असंही नाही. परभणीच्या कॉलेजने चेन्नईच्या किंवा गुवाहाटीच्या कॉलेजशी जोडून सहा आठवड्यांचं एक सामायिक काम ठेवलं, तर भाषा वेगळी, सुट्ट्या वेगळ्या, ‘हो’ म्हणायची पद्धत वेगळी, सगळं आयतं मिळतं. खर्च म्हणजे इंटरनेट आणि दोन प्राध्यापकांचा वेळ. यातली दुसरी गोष्ट मिळवणं अवघड आहे. टीम अडकली की तिच्याशी अर्धा तास बसून ‘नेमकं कुठे बिनसलं’ हे बोलायला कोणीतरी लागतं, आणि ते तास आज प्राध्यापकांच्या कामाच्या तासांत बऱ्याच ठिकाणी मोजलेच जात नाहीत.