टेहळणीची किंमत
सरहद्दीवरील पोलीस चौकीचे काम टेहळणीचे. आक्रमण थोपविणे हे लष्कराचे. परंतु २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे बेपत्ता सहकाऱ्यांच्या शोधार्थ निघालेल्या तुकडीवर चिनी सैन्याने गोळीबार केला व १० पोलीस धारातीर्थी पडले. भारत-तिबेट सीमा पोलीस दल उभे राहिले ते २४ ऑक्टोबर १९६२ ला, म्हणजे युद्धास तोंड लागून चार दिवस झाल्यावर! एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणातील सरदार चौकीवर पाकिस्तानी लष्कर चालून आले, तेव्हाही समोर केंद्रीय राखीव पोलीसच होते. त्यांनी हल्ला परतविला, हे विशेष. सीमा सुरक्षा दल मात्र डिसेंबरात जन्मास आले. दर २१ ऑक्टोबरला हुतात्मा पोलिसांना मानवंदना दिली जाते, ती उचितच. त्या दिवशी या विलंबाचा हिशेब कोणी मागत नाही, याचा आम्हांस विषाद वाटतो.