टिबुकलीची पाठ आणि आपली बोडी



बोड्या भरल्या, रोवणीही उरकत आली. आता घटकाभर बोडीच्या काठावर बसून पाहा. देवधानाच्या दाटीत टिबुकलीचं घरटं दिसेल. घरटं म्हणजे काय, तर कुजक्या पाणगवताचा ओला ढीग. पाण्यावर तरंगतो, पण काड्यांना अडकवलेला असतो, म्हणून वाहून जात नाही. आपण जवळ गेलो की ती चटकन गवत ओढून अंडी झाकते आणि बुडी मारते. पाहणाऱ्याला वाटतं, इथं काहीच नाही. पिल्लं निघाली की ती आईच्या पाठीवर, पंखांच्या आत बसतात. नुसती पट्ट्यांची डोकी बाहेर दिसतात. बापही मागे नसतो, अंडी दोघं मिळून उबवतात. टिबुकलीचे पाय पार मागे असतात, जमिनीवर तिला धड चालता येत नाही. पाणी गेलं तर तिचं सगळंच गेलं.

आपलंही तसंच आहे. बोडी गेली तर मासळी गेली, शिंगाडा गेला, गुरांचं पाणी गेलं.

साहेब लोक म्हणतात, माणूस आला की पाखरू जातं, म्हणून तुम्ही बाजूला व्हा. आम्ही विचारतो, या बोड्या खोदल्या कोणी? पाळ बांधली कोणी? माणसाच्या हातानं झालेल्या पाण्यावरच पाखरू आलं ना? पाखरू जातं ते बोडी गाळानं भरते तेव्हा, बेशरम माजते तेव्हा, पाण्यात विष टाकून मासे मारतात तेव्हा, घरट्यांवरून जाळं ओढतात तेव्हा. आणि खरं बोलायचं तर यातलं काही आपलीच माणसं करतात. ते आपणच थांबवलं पाहिजे.

वनहक्क कायदा 2006 सालचा आहे. त्यात मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावर सामूहिक हक्क मान्य केला आहे. कलम 5 नं वन्यजीव आणि पाण्याचे साठे राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. म्हणजे हक्क आणि राखण एकाच कायद्यात आहेत. 2008 च्या नियमांनुसार मासेमारीच्या जागा, पाण्याच्या जागा आणि निस्तार हे सामूहिक हक्काचे पुरावे धरले जातात. वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून काढलं तर तेही पुराव्यात धरतात. कोणत्या कोपऱ्यात टिबुकली अंडी घालते, कोणत्या साली पाळ फुटली, गाळ कोणी काढला, हे आपल्या आजीला तोंडपाठ आहे. पण ते कागदावर नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन कामं करा. एक, सामूहिक दाव्याच्या नकाशात बोडी दाखवा. दोन, म्हाताऱ्या बायामाणसांचे जबाब लिहा, सही किंवा अंगठा घ्या. तीन, ठराव करा की पिल्लं मोठी होईपर्यंत देवधानाच्या बाजूला जाळं नाही आणि विष तर कधीच नाही. राखणीची समिती नेमा, त्यात बायांना घ्या. ठरावाची नक्कल जपून ठेवा.

टिबुकली अंडी झाकून वाचवते. आपल्याला उलट करावं लागेल. जे आजवर मनात झाकून ठेवलं, ते वहीत उघडं लिहावं लागेल.

बोडी आमची, राखण आमची!