न चाललेल्या मोटारीचे मोल

महाविद्यालयातून अलीकडेच सेवानिवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ सहकारी गेल्या पंधरवड्यात एक प्रश्न घेऊन घरी आले. बार्शीकडील एका व्यापारी कुटुंबाच्या वाड्यात १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी मोटार उभी आहे. तिच्या मीटरवर अवघे १८,४०० किलोमीटर उमटले आहेत आणि मालक तिचे साडेसहा लाख रुपये मागत आहेत. “सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता. ही किंमत रास्त आहे की नाही, एवढेच सांगा,” असे ते म्हणाले. उपदानाची रक्कम त्यांच्या हाती नुकतीच आली आहे. शिवाय त्यांच्या लग्नात वरातीसाठी अशीच एक फियाट सोलापूरहून मागून आणलेली होती. तेव्हा प्रश्न केवळ एका मोटारीचा नव्हता, हे माझ्या ध्यानात आले. उभ्याउभ्या उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

जुन्या मोटारी, जीप आणि स्कूटर यांना हल्ली भारी किमती मागितल्या जातात, आणि ‘फार चाललेली नाही’ हे त्या मागणीचे मुख्य समर्थन असते. हे समर्थन कितपत टिकते, याचा थंड डोक्याने विचार झाला पाहिजे. कारण अशा व्यवहारात गुंतणारा पैसा बहुधा धनिकाच्या तिजोरीतला नसून मध्यमवर्गीयाच्या आयुष्यभराच्या बचतीतला असतो.

टंचाईचे मोल, आठवणीचे मोल

पद्मिनीचे कुळ आपल्या शेजारचेच म्हणावे लागेल. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या मोटारी तयार होऊ लागल्या. १९७४ मध्ये तेथील फियाटला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र ती अखेरपर्यंत फियाटच राहिली.

परवान्यांच्या त्या काळात खिशात पैसे आहेत म्हणून मोटार किंवा स्कूटर मिळत नसे. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा शिरस्ता होता. १९६९ मध्ये तर सरकारने मोटारींच्या किमतीही ठरवून दिल्या. उत्पादन मर्यादित आणि किंमत बांधलेली, अशा स्थितीत जे घडायचे तेच घडले. चेतक स्कूटर नंबर लागून मिळाली की ती त्याच दिवशी अधिक किमतीला विकता येत असे, आणि थोडी वापरलेली स्कूटरही नव्यापेक्षा महाग जात असे. तो अधिभार स्कूटरचा नव्हता. वाचलेल्या प्रतीक्षेचा होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली, १९९१ नंतर परवान्यांची पद्धत मोडीत निघाली, आणि तो अधिभार पाहता पाहता विरून गेला. ज्या कारणाने अधिभार जन्मतो ते कारण संपले की अधिभारही संपतो, हा त्यातला धडा होय.

आजच्या अधिभाराचे कारण निराळे आहे. आज रांग नाही. आज टंचाई आहे ती चांगल्या स्थितीत उरलेल्या नगांची, आणि त्यामागे आठवण उभी आहे. ज्या पिढीने लहानपणी फियाटच्या मागच्या आसनावर दाटीवाटीने बसून प्रवास केला, त्या पिढीच्या हाती आता पैसा आला आहे. ही मागणी खरी आहे, तिला हसण्याचे कारण नाही. परंतु ती एका पिढीची मागणी आहे. ज्यांना फियाट आठवतच नाही अशी आमच्या वर्गातली मुले आणखी वीस वर्षांनी तिच्यासाठी आज मागितली जाते तेवढी किंमत मोजतील, याची हमी कोणी द्यावी?

याच मोटारीचे दुसरे टोकही पाहावे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून पद्मिनी रात्रंदिवस धावल्या. शेवटच्या नोंदलेल्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी निवृत्त झाली. जिने हजारो कुटुंबे पोसली तिला भंगाराचा भाव, आणि जी वाड्यात झाकून ठेवली तिला लाखांची मागणी! उपयोगितामूल्य आणि विनिमयमूल्य यांतील हे अंतर अर्थशास्त्राला नवे नाही. पाण्यावाचून जीव जगत नाही, तरी पाणी स्वस्त आणि हिरा महाग, हे कोडे अॅडम स्मिथने १७७६ सालीच मांडले होते. तेव्हा लाखांची मागणी मुळातच वेडेपणाची आहे असे नव्हे. प्रश्न असा की, घेणारा हिरा घेतो आहे की पाणी?

आकड्याची साक्ष

या मागणीचा सारा डोलारा मीटरच्या आकड्यावर उभा आहे. १९८९ ते २०२५ या ३६ वर्षांत १८,४०० किलोमीटर म्हणजे वर्षाला सुमारे ५११, आठवड्याला दहासुद्धा नव्हेत. असे घडू शकते. पण असे घडलेच, याला पुरावा काय? त्या काळातील अनेक मोटारींच्या मीटरवर किलोमीटरचे पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर मीटर पुन्हा शून्यावर येई. म्हणजे १८,४०० हा आकडा १,१८,४०० चाही असू शकतो. शिवाय मीटर बंद पडतो, बदलता येतो आणि मागेही फिरवता येतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या आणि पुढे गाजलेल्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेतले होते. विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा सर्वांनाच संशयाने कमी किंमत देऊ करतो, आणि चांगला माल बाळगणारे बाजारातून अंग काढून घेतात. २००१ मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेल पुरस्कारामागे हे विवेचन होते. त्याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. कमी चालल्याचा अधिभार आकड्याला द्यायचा नसतो, पुराव्याला द्यायचा असतो. दुरुस्तीच्या जुन्या पावत्या, विम्याची कागदपत्रे, नोंदणीपुस्तिकेतील नोंदी, ब्रेक आणि क्लचच्या पायपट्टीवरील रबराची झीज या सर्वांची साक्ष एकमेकींशी जुळली तरच आकडा खरा मानावा.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात तो बैलाचे दात पाहतो, पण दातांवर थांबत नाही. तो बैलाला चालवून पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, जमल्यास ओझ्याला जुंपून पाहतो. रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरतो तो त्यानंतर. मीटर हा मोटारीचा दात आहे. नुसत्या दातावर पैसे मोजणाऱ्याला बाजारात काय म्हणतात, हे सांगायला नको.

उभ्या यंत्राचे दुखणे

आता आकडा खरा आहे असे धरून चालू. मग मोटार नव्यासारखी आहे काय? माझ्या मते नाही. यंत्र दोन घड्याळांवर जुने होते. एक किलोमीटरचे, दुसरे वर्षांचे. पहिले थांबवता येते, दुसरे थांबत नाही. टायर न फिरताही कडक होऊन तडकतात, ब्रेकमधील रबरी वायसर ताठरतात, टाकीतील पेट्रोल बिघडून चिकट थर धरते, पत्र्याला आतून गंज लागतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. आपल्याच जिल्ह्यातील उसाच्या मळीतून निघणारे हे द्रव्य शेतकऱ्याला उपकारक आहे. परंतु ते ओलावा शोषून घेते आणि त्या काळच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. बसून राहिलेला बैल आणि उभी राहिलेली मोटार, दोघांनाही पुन्हा कामाला लावताना खर्च येतो. मागितलेल्या किमतीत हा खर्च कोणी धरत नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहावे तर तिथेही ही मोटार ‘अभिजात’ नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपातील मोटारीलाच तो विशेष दर्जा मिळतो. त्यासाठी नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि अशी मोटार नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९८९ च्या मोटारीला हा मान २०३९ मध्ये मिळेल. तोवर ती केवळ जुनी मोटार आहे. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण तिला चुकत नाही, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी त्याचे शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपये झाले आहे.

दोघांचे हिशेब

विकणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. त्याचे म्हणणे असे की, ‘छत्तीस वर्षे जिवापाड सांभाळली, त्याचे काही मोल नाही का?’ त्याचाच हिशेब मांडू. सोयीसाठी समजा की, त्या वेळी मोटारीला एक लाख रुपये पडले. तीच रक्कम आठ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवली असती तर दर नऊ वर्षांनी दुप्पट होत छत्तीस वर्षांत सोळा लाख झाली असती. म्हणजे साडेसहा लाख मिळूनही मालक तोट्यातच आहे, आणि वाड्यातली जागा, विमा, देखभाल हे तर निराळेच! म्हणून त्याला मागणी अन्यायाची वाटत नाही. परंतु झालेला खर्च किंमत ठरवत नाही. समोरचा काय देऊ शकतो ते किंमत ठरवते. मागणी म्हणजे किंमत नव्हे. सौदा होतो त्या क्षणीच किंमत जन्माला येते, आणि छापलेल्या वा सांगितलेल्या मागण्यांपैकी किती सौद्यापर्यंत पोचल्या हे कोणी सांगत नाही.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. ज्याने मोटार न वापरता सांभाळली त्याला गुंतवणूक म्हणून ती लाभली नाही, तर आता साडेसहा लाखांना घेणाऱ्याला ती कशी लाभणार? सोन्याचा दाखला येथे दिला जातो. तेही पडूनच असते, असे म्हणतात. परंतु सोने गंजत नाही, कसोटीवर लावता येते, गरजेपुरते तोडता येते आणि कोणत्याही सराफाच्या पेढीवर तासाभरात मोडता येते. मोटारीचा चौथा हिस्सा विकून मुलीची फी भरता येत नाही.

कमी चालल्याला खरोखर भारी किंमत मिळाल्याची उदाहरणे जगात आहेत. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील पियर्स या लहान गावी एका शेव्हरोले विक्रेत्याने न विकलेल्या मोटारी वर्षानुवर्षे साठवल्या होत्या. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांचा लिलाव झाला, तेव्हा जेमतेम दोन किलोमीटर चाललेला १९५८ चा एक छोटा मालवाहू ट्रक १,४०,००० डॉलरना गेला. परंतु त्याचा पूर्वेतिहास सर्वांसमोर होता, आणि अशा वस्तूचे मोल ती न चालवण्यातच असते. चालवला की त्याचे वेगळेपण संपले.

कमी चाललेल्या मोटारीच्या व्यवहारातला खरा पेच हाच आहे, आणि तो किमतीच्या रास्तपणापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. कमी किलोमीटरसाठी जो अधिभार आपण देतो, तो आपण चालवलेला प्रत्येक किलोमीटर खाऊन टाकतो. चालवावी तर दिलेला पैसा झिजतो. न चालवावी तर मोटार घेतली कशाला? संग्राहकाला हा पेच पडत नाही, त्याला ती पाहायचीच असते. त्याच्यासाठी, पुरावा पक्का असेल तर, चढी किंमतही रास्त ठरू शकते. ज्याला मोटारीत बसायचे आहे त्याच्यासाठी ती कधीच रास्त नसते.

आमच्या सहकाऱ्यांना म्हणून मी असे सुचवले आहे. हौसेला मोल नसते हे खरे. पण हौसेला मर्यादा असावी, आणि ती उपदानाच्या रकमेच्या अलीकडे असावी. ज्यांना जुने निवृत्तिवेतन आहे त्यांनाही आजारपण चुकलेले नाही. २००५ नंतर सेवेत आलेल्या माझ्यासारख्यांना तर तोही आधार नाही. लाखभर किलोमीटर चाललेली, परंतु नियमित वापरातली आणि जाणत्या मिस्त्रीच्या हाताखालची एखादी फियाट शोधावी. तिला मागितलेल्या रकमेच्या लहानशा हिश्शात घरी आणावे आणि शिल्लक बँकेत राहू द्यावी. मग खुशाल वहिनींना शेजारी बसवून तुळजापूरचा घाट चढवावा. मीटरवर आकडा वाढेल, आणि त्याचे वाईट वाटणार नाही.

ते हसले, पण ‘होय’ म्हणाले नाहीत. वाड्यातली मोटार पाहायला येत्या रविवारी आम्ही दोघेही जाणार आहोत. जाताना एक जाणता मिस्त्री सोबत घ्यायचा, आणि चेकबुक घरी ठेवायचे, एवढे मात्र ठरले आहे.