हलके सामान, पण कुणाच्या डोक्यावर?

सुट्टीला निघताना सामान कमी न्यावे, या सल्ल्याशी माझे भांडण नाही. पाठ वाचते, धावपळ वाचते. भांडण आहे ते या साध्या सोयीचे नीतिशास्त्र करून टाकणाऱ्यांशी. एका सॅकमध्ये दहा दिवस काढणारा मनुष्य आता केवळ व्यवहारी प्रवासी राहिलेला नाही. तो मुक्त आहे, विरक्त आहे आणि (हे अध्याहृत असते) ट्रंका-पिशव्या सांभाळत फलाटावर उभ्या असलेल्या कुटुंबापेक्षा चार अंगुळे वर आहे. आपल्या ललित लेखकांनी या समजुतीला मनापासून खतपाणी घातले. दर सुट्टीच्या हंगामात ओझे उतरवून ठेवण्याच्या रूपकाची एक नवी आवृत्ती निघते आणि तिसऱ्या परिच्छेदात बिचाऱ्या अपरिग्रहाला साक्षीला उभे केले जाते.

या नव्या अपरिग्रहाची मर्यादा बहुधा सात किलो असते. हा आकडा कुठल्याही धर्मग्रंथातला नाही. देशांतर्गत विमानांत हातातल्या सामानासाठी सर्वसाधारणपणे तेवढी मुभा असते, एवढेच. रेल्वेच्या शयनयान वर्गाच्या प्रवाशाला चाळीस किलो विनाशुल्क नेता येते. म्हणजे वैराग्याचे माप तिकिटागणिक बदलते म्हणायचे!

पण खरा आक्षेप वेगळा आहे. सामान हलके होते तेव्हा त्यातले वजन जाते कुठे, हा प्रश्न हे लेखक विचारत नाहीत. तो विचारण्यासाठी माथेरानइतकी सोयीची जागा दुसरी नसेल. दस्तुरी नाक्यापुढे प्रवाशांच्या मोटारींना मज्जाव असल्यामुळे, इतरत्र टेम्पोच्या पोटात दडून राहणारी गोष्ट येथे उघड्यावर दिसते. १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी सोडली, तर या गावात पिढ्यानपिढ्या जे जे आले, ते घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून किंवा हमालाच्या डोक्यावरून आले. माणसेसुद्धा माणसांनी ओढलेल्या रिक्षांतून आली. २०२२ साली तेथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या, आणि हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला तो थेट ऑगस्ट २०२५ मध्ये. माणसाने माणसाला ओढणे ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, हे कळायला आपल्याला इतका काळ लागला.

आता या गावात आमचा सडाफटिंग प्रवासी येतो. पाठीवर लहानशी सॅक, हात मोकळे. टॉवेल आणलेला नाही, कारण हॉटेलात मिळतो. पांघरूण नाही, कारण तेही मिळते. पाण्याची बाटली कोपऱ्यावर विकत मिळते, आणि मळलेला सदरा कुणीतरी धुऊन देतो. या सगळ्या वस्तू डोंगरावर आपोआप उगवलेल्या नसतात. त्याने घरी ठेवलेले वजन त्याच्या आधीच लाल मातीच्या रस्त्याने वर चढून गेलेले असते. फक्त ती पाठ त्याची नसते.

यावर कुणी म्हणेल की एक टॉवेल शंभर पाहुणे वापरतात, तेव्हा एकूण ओझे कमीच होते. अगदी मान्य. मग त्याला काटकसर म्हणा, सोय म्हणा. वैराग्य म्हणू नका. अपरिग्रहाचे व्रत घेतलेला जैन साधू आपली मोजकी उपकरणे स्वतः उचलून पायी विहार करतो; अन्नासाठी गृहस्थावर अवलंबून असल्याचे त्याच्या आचारातच नमूद आहे. ही कबुली आमच्या सात किलोंच्या संन्याशाकडे नाही.

ती वारकऱ्याकडेही असते. आषाढी वारीवर एखादा हौशी लेखक चार दिवस चालून येतो आणि एका झोळीवर पंढरपूर गाठणाऱ्या भाविकांविषयी गहिवरून लिहितो. दिंडीचा ट्रक त्याच्या लेखात नसतो. त्या ट्रकात राहुट्या असतात, पातेली असतात, शिधा असतो, वारकऱ्यांच्या वळकट्या आणि पिशव्या असतात. तो पुढच्या मुक्कामी आधी पोचतो म्हणून मागच्यांना मोकळ्या हातांनी टाळ वाजवता येतो. ट्रकाबद्दल वारकऱ्याला विचारा, तो अजिबात संकोचत नाही. भिशी किती भरली, स्वयंपाकाला कोण आहे, सगळे सांगतो. त्या मोकळ्या हातांमागची व्यवस्था लपवायची गरज त्याला वाटत नाही. ती वाटते लेखकाला, कारण ट्रक आला की रूपक पंक्चर होते. (आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या बाईचे या हलकेपणाच्या तत्त्वज्ञानात काय करायचे, हेही कुणी सांगत नाही.)

घरातली गोष्ट तर बोलायलाच नको. कुटुंबासह सहलीला निघालेल्या पुरुषाची सॅक हलकी असते, कारण मुलाची औषधे, जादा कपडे, सासूबाईंचा चष्मा, दशम्या आणि चटणीची बाटली दुसऱ्या पिशवीत असते. ती पिशवी कुणाच्या खांद्याला आहे, हे सांगायची गरज नाही. परत आल्यावर 'कमी सामानातला आनंद' हा लेख मात्र तो लिहितो.

मराठी घरांत सुट्टी म्हणजे पूर्वी मुख्यतः गावी जाणे होते, हेही आपण विसरलो. त्या प्रवासातले ओझे स्वतःच्या उपभोगाचे नसायचेच. जाताना मुंबईहून चहा, साबण, भाचरांचे कपडे. येताना आमसुले, फणसपोळी, कुळथाचे पीठ, आणि पेंढ्यात रचलेले आंबे. एस.टी.च्या टपावर दोराने बांधलेली ती पेटी म्हणजे नातेसंबंधांचा हिशेब होता. रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाला कुणी मुक्तात्मा म्हणत नसे. त्याला रीत कळत नाही म्हणत. ज्याला कुणाकडेच जायचे नाही, त्याचेच सामान इतके आटोपशीर राहू शकते. हॉटेलात उतरणाऱ्याला कुणासाठी काही न्यावे लागत नाही, हे त्याच्या मनाच्या उन्नतीचे लक्षण कसे काय ठरते?

प्रवासवर्णन शिकवताना आपण निसर्गचित्रण, विनोद, शैली यांची चर्चा करतो. सामानाची कधी केली आहे? विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' (१९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो प्रसिद्ध केला) अनेकांनी वाचलेला असतो. वरसईचा हा दरिद्री भिक्षुक १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाला, तो डोक्यावरचे कर्ज फेडण्यासाठी. वाटेत बंडाने गाठले, मिळवलेले लुटले गेले. अंगावरच्या वस्त्रानिशी उरण्याचे प्रसंग त्याच्यावर आले, आणि त्यांत त्याला मुक्तीचा सुगंध आला नाही; भीती आली, भूक आली. सामान जाणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या माणसाचे ते पुस्तक आहे. आणि एवढ्या हालांतून घरी परतताना त्याने आणले काय, तर आईवडिलांसाठी गंगेचे पाणी.