जुळ्यांची पूर्वसूचना कोण वाचणार?

ऑगस्ट २०२२. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त घरोघरी तिरंगा फडकविण्याचे आवाहन सरकार करीत होते. त्याच दिवसांत पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील मर्कटवाडी या पाड्यावर सातव्याच महिन्यात प्रसूत झालेल्या एका आदिवासी मातेच्या डोळ्यांदेखत तिची दोन्ही जुळी अर्भके मरण पावली. तिचा रक्तस्राव थांबेना, आणि पाड्यापर्यंत रस्ता नव्हता. तेव्हा आप्तांनी चादर व लाकूड यांची डोली केली आणि सुमारे तीन किलोमीटरची निसरडी, खडकाळ वाट तुडवीत तिला दवाखान्याकडे नेले. माता वाचली. वर्तमानपत्रांत ती डोली छापून आली, पुढाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि 'दुर्दैवी घटना' या दोन शब्दांत प्रकरण मिटले. आमचा आक्षेप या दोन शब्दांनाच आहे.

जुळे होणे हा दैवाचा खेळ आहे, असे आपल्या समाजाला वाटत आले आहे. जोडकेळे खाल्ले की जुळे होते म्हणून लेकीसुनांना ते खाऊ न देणारी घरे आजही आहेत. जुळे कोणाच्या पोटी यावे हे आपल्या हाती नाही, इतपत हे खरे. पण ते आल्यानंतर काय व्हावे हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. सुमारे शंभर बाळंतपणांत एक जुळ्यांचे असते. चौथ्या-पाचव्या महिन्यात एकदा सोनोग्राफी केली की पोटात दोन जीव आहेत हे कळते. त्यांतील निम्म्याहून अधिक जुळी दिवस पूर्ण होण्याआधीच जन्मतात, वजनाने कमी भरतात. दुसरे मूल पुष्कळदा आडवे असते आणि पहिले सुखरूप आले तरी दुसऱ्याच्या जिवावर बेतते. अतिताणलेले गर्भाशय प्रसूतीनंतर चटकन आकुंचन पावत नाही, म्हणून आईला रक्तस्रावाचा धोका अधिक. ती आधीच रक्तक्षयाने खंगलेली असेल तर थोडासा रक्तस्रावही तिला पुरतो. हे सारे वैद्यकशास्त्राला केव्हाचे ठाऊक आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे बळकट करणारी स्वस्त इंजेक्शने प्रसूतीपूर्वी आईला देता येतात, हेही ठाऊक आहे. याचा अर्थ एवढाच की जुळ्यांचे बाळंतपण हे अवचित कोसळणारे संकट नव्हे. निसर्ग त्याची तीन-चार महिने आधी लेखी म्हणावी अशी सूचना देतो. ती वाचणारे कोणी नसेल, तर दोष दैवाचा कसा?

आता मोखाड्याहून त्याच जिल्ह्याच्या डहाणू-तलासरीकडे वळू. तलासरी तालुक्यात दहा माणसांमागे नऊ आदिवासी. दिवाळी सरली, भाताची कापणी-झोडणी उरकली की येथील कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, किनाऱ्यावरच्या बोटींवर निघून जातात. गरोदर बाईही नवऱ्याच्या जोडीने जाते, कारण भट्टीवर उचल घेतलेली असते ती जोडप्याच्या श्रमावर. तिचे नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत राहते आणि ती मात्र परमुलखात चिखल तुडवीत असते. नवव्या महिन्यात गावी परतू, असा तिचा हिशेब असतो. तो हिशेब एका मुलाचा असतो. पोटात दोन असतील तर सातवा-आठवा महिनाच नववा ठरतो, आणि वेणा सुरू होतात त्या भट्टीवरच्या झोपडीत.

हाच चुकीचा हिशेब शासनाच्या योजनांतही भरलेला आहे. आदिवासी भागांतील 'माहेरघर' योजनेत गरोदर स्त्रीने प्रसूतीच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्रात येऊन राहावे अशी सोय आहे. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने दररोज एक वेळचे चौरस जेवण आहे. दोन्ही योजना चांगल्या आहेत, आणि लोकांच्या रेट्यामुळेच त्या आल्या. परंतु जिचे बाळंतपण सातव्या महिन्यात व्हायचे, तिच्यापुढे हे ताट येते तोच वेणांची वेळ येते. पुढेही दोन मुलांना अंगावर पाजणाऱ्या आईला ताट एकच! गंमत अशी की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहण्यासाठी अपत्यसंख्येची अट घालताना कायदेमंडळाला जुळ्यांची आठवण बरोबर झाली. एका मुलानंतरच्या एकाच बाळंतपणात कितीही मुले झाली तरी ती एकच गणावी, असा खुलासा कायद्यात आहे. उमेदवारी वाचवताना जे सुचले ते भुकेल्या आईचे ताट वाढताना सुचू नये, याला काय म्हणावे?

आणि बाळंतपण अडलेच तर? डहाणू-तलासरीच्या बाईला आपल्या राज्याची सीमा ओलांडून सिल्वासा, वापी किंवा वलसाड गाठायला सांगितले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एक गरोदर स्त्री अशीच कासा येथून सिल्वासाकडे पाठविली गेली आणि वाटेतच गेली. तिला मिळालेल्या रुग्णवाहिकेत प्राणवायूचीही सोय नव्हती. ती एका मुलाची आई होणार होती. जिथे एका जिवाला प्राणवायू मिळत नाही, तिथे दोघांची आशा कोणी धरावी?

यावर ठरीव उत्तरे आहेत. पाडे विखुरलेले आहेत, डोंगराळ प्रदेश आहे, तज्ज्ञ डॉक्टर यायला तयार नाहीत, पैसा नाही. यांतील तज्ज्ञांची अडचण खरी आहे, तिची टिंगल आम्ही करणार नाही. निवास, शिक्षण, सुरक्षितता यांची हमी नसता कोणी डॉक्टर येथे टिकणार नाही. पण पैसा आणि डोंगर यांची सबब याच जिल्ह्यात ऐकवावी, हे धाडस आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीच्या उशालाच आहे. ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेनचा मार्ग याच जिल्ह्याच्या शेतांतून आणि डोंगरांतून काढलेला आहे. डहाणूच्या किनाऱ्यावरील वाढवण बंदराला, मच्छीमारांचा विरोध डावलून, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. डोंगर फोडता येतो, समुद्रात भराव घालता येतो. फक्त पाड्यापर्यंतची तीन किलोमीटरची वाट तेवढी बांधता येत नाही!

म्हणून आमची मागणी दयेची नाही, हिशेबाची आहे. पाचव्या महिन्यापर्यंत प्रत्येक गरोदर स्त्रीची सोनोग्राफी तालुक्याच्या ठिकाणीच, जाण्यायेण्याच्या खर्चासह आणि बुडालेल्या मजुरीसह झाली पाहिजे. जुळी असलेल्या स्त्रियांची वेगळी नोंद आशा कार्यकर्तीकडे हवी, आणि ती स्थलांतरित झाली तर नोंदही तिच्यामागोमाग भट्टीच्या गावी गेली पाहिजे. तिचा आहार गर्भ कळल्या दिवसापासून आणि पुढे दोन पानांचा हवा. सातव्या महिन्यापासून तिला तज्ज्ञ, रक्तसाठा आणि नवजात शिशूंचा अतिदक्षता कक्ष असलेल्या ठिकाणी सोबतिणीसह राहता आले पाहिजे, दोघींच्या रोजीसह. एका तालुक्यात अशा स्त्रिया वर्षाला थोड्याच असतात. त्यांची काळजी घेणे ज्याला जमत नाही, त्या शासनाला इतरांची घेणे जमते यावर कोण विश्वास ठेवील?

रामायणातील सीतेनेही जुळी प्रसवली ती राजाने वनात सोडल्यावर; पण वाल्मीकींच्या आश्रमात तिच्या उशापायथ्याशी माणसे होती. आजच्या राज्याने वनातल्या बाईसाठी तेवढाही आश्रम उभारलेला नाही.

तलासरीच्या भूमीला या अन्यायाची ओळख नवी नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनाही जन्मभर राबविणारी 'लग्नगडी'ची प्रथा याच मुलखात होती. तेही दैवच समजले जाई. १९४५ साली झरी येथे वारली स्त्रीपुरुष हजारोंनी एकत्र आले, गोदावरी परुळेकरांसारख्या कार्यकर्त्या त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या, तलवाड्याला गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण हुतात्मा झाले, आणि ज्याला पिढ्यान् पिढ्या दैव म्हटले ती केवळ सावकारी होती, हे सिद्ध झाले. मर्कटवाडीच्या जुळ्यांच्या मृत्यूलाही दैवाचे नाव देऊन चालणार नाही. पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने एकच प्रश्न विचारावा: आमच्या गावात यंदा किती जणींची सोनोग्राफी झाली, आणि त्यांतल्या कितींच्या पोटी दोन आहेत? उत्तर नसेल, तर लढ्याला सुरुवात तेथूनच झाली पाहिजे.