प्रौढतेचे माप कोणते?

मंडळीत प्रौढ कोणाला म्हणावे, याविषयी दोन मते ठामपणे मांडली जातात. पहिले मत जुन्या घराण्यांचे: तीन पिढ्या मंडळीत गेल्या, उपासना चुकत नाही, वचने तोंडपाठ आहेत, तो प्रौढ. दुसरे मत संजीवन सभांतले: ज्याला आत्म्याचा अनुभव आला, जो अन्य भाषा बोलतो, ज्याच्या प्रार्थनेने आजारी बरे होतात, तो प्रौढ. पहिल्यांना दुसरे उथळ वाटतात, दुसऱ्यांना पहिले थंड. मापे मात्र दोघांचीही खोटी आहेत.

दुसऱ्या मताला करिंथची मंडळी उत्तर देते. इ.स. ५५ च्या सुमारास पौलाने इफिसहून तिला पत्र लिहिले. कृपादानांत ती उणी नाही, हे तो आरंभीच मान्य करतो. आणि तिसऱ्या अध्यायात तिला अजून दुधावरच्या बाळांत बसवतो. कारण उघड होते. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा म्हणवून तट पडले होते. भावाने भावाला कोर्टात खेचले होते. प्रभुभोजनाला काही जण आधीच खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. दाने भरपूर होती, पोरकटपणा जात नव्हता.

पहिल्या मतालाही आधार नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राची तक्रार हीच आहे की, एव्हाना शिक्षक व्हायला हवे होते त्यांनाच पुन्हा मुळाक्षरे गिरवायला बसवावे लागते. आपल्याकडे तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारतो. उलट लक्ष्मीबाई टिळकांनी १९०० मधल्या बाप्तिस्म्याआधीच स्पर्शास्पर्श सोडला होता. मंडळीच्या नोंदवहीत नाव नसलेली ती बाई त्या बाबतीत नाव असलेल्यांच्या पुढे होती.

मग अनुभव आणि परंपरा टाकून द्यायची का? तसे नाही. आपण स्वतः अन्य भाषा बोलतो हे पौल लपवत नाही. तो एवढेच विचारतो की, याने मंडळीची उभारणी होते का? इफिसकरांच्या पत्रातही प्रौढ होण्याची गोष्ट एकट्यादुकट्याची नसून साऱ्या शरीराची आहे. शेजारच्या बाकावरचा न आवडणारा माणूस सोसणे, त्याला खरे सांगणे आणि त्याचे खरे ऐकून घेणे, यातच ती घडते.

यावर आक्षेप येतो की, हे तर नुसते समाजकार्य झाले. पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्त खऱ्या अर्थाने गवसला तो सुमारे आठ वर्षांनी, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी जागृती झाली. रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, अंध स्त्रिया यांचा संसार त्या चालवत राहिल्या, आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर १९२२ मधल्या मृत्यूपर्यंत करत राहिल्या. अनुभव खरा होता, म्हणून तो कामाला लागला.

तेव्हा मंडळीचे पंच निवडताना घराणे विचारू नये, साक्षही विचारू नये. ज्याच्याशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले, तो माणूस आज मंडळीत टिकून आहे का आणि त्याच्याशी त्यांचे बोलणे आहे का, एवढे विचारावे.